उन्हाळी सुटीतील विज्ञान-संशोधन : एका अर्जाचा इतिहास



मे महिना म्हटला की आपल्या भंडारा जिल्ह्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, उन्हाळी धान आणि लग्नसराई एवढेच डोळ्यांसमोर येते. बी.एस्सी.ला शिकणारा मुलगा घरी आला म्हणजे दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, आणि मुलगी असली तर तिच्यासाठी घरकाम वाट पाहतच असते. परंतु याच दोन महिन्यांत पदवीचे कितीतरी विद्यार्थी मुंबई, पुणे, बंगळूर येथील प्रयोगशाळांत एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली खरेखुरे संशोधन करीत असतात. त्यासाठी फी द्यावी लागत नाही; बहुतेक ठिकाणी उलट विद्यावेतन मिळते. लागतो तो फक्त एक अर्ज, आणि तो अर्ज आपल्याकडे फार थोडे विद्यार्थी करतात.

मी इतिहासाचा शिक्षक. प्रयोगशाळेशी माझा संबंध परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षण करण्यापुरताच. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण या अर्जातील प्रत्येक रकान्यामागे इतिहास आहे, आणि तो समजला की रकाना कसा भरावा हेही समजते.

प्रारंभ करू या कलकत्त्यापासून. १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून तेथे ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही संस्था स्थापन केली. १९०७ साली अर्थखात्यात नोकरीला लागलेला अठरा वर्षांचा एक तरुण ट्रामने जात असता त्याला या संस्थेची पाटी दिसली. तो उतरला, दार ठोठावले, आणि काम करण्याची परवानगी मागितली. तीच चंद्रशेखर वेंकट रामन यांची सुरुवात होय. कचेरीच्या आधी आणि कचेरीनंतर ते तेथे प्रयोग करीत. १९१० साली त्यांची बदली आपल्या नागपूरला झाली होती, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे ते कलकत्त्यास परतले, १९१७ मध्ये नोकरी सोडून प्राध्यापक झाले, आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच संस्थेत, के. एस. कृष्णन यांच्या सहकार्याने, त्यांच्या नावाचा परिणाम सिद्ध झाला. १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रामन यांना अर्ज भरावा लागला नाही, गुणपत्रिकेची प्रत जोडावी लागली नाही. किती सोपे, असे आपणास वाटेल. पण थोडा विचार करा. ती पाटी दिसण्यासाठी माणूस कलकत्त्याच्या ट्राममध्ये असावा लागतो. पवनी किंवा साकोलीच्या मुलाला ती पाटी कधी दिसणार? म्हणून मी म्हणतो की अर्ज ही कटकट नव्हे. जो शहरात राहत नाही, ज्याची कुणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी केलेली ती ट्राम आहे.

स्वातंत्र्यानंतर ही सोय रीतसर करण्याचा प्रयत्न झाला. १९६३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना’ काढली. पहिल्या वर्षी ती दिल्लीपुरती होती आणि शिष्यवृत्त्या होत्या अवघ्या दहा. १९६४ मध्ये ती सर्व देशाला लागू झाली आणि शिष्यवृत्त्यांची संख्या ३५० झाली. शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञानाच्या शिक्षणासाठी, थेट डॉक्टरेटपर्यंत. पदवीच्या वर्षांत या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी वर्गही भरत. निवडीची रीत तर आज मुद्दाम सांगण्यासारखी आहे. लेखी चाचणी होती, एका वैज्ञानिक विषयावर निबंध होता, मुलाखत होती. आणि याशिवाय विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल परीक्षेच्या वेळीच द्यावा लागे. म्हणजे तू काय पाठ केलेस एवढेच नव्हे, तर तू स्वतःच्या हाताने काय केलेस, हेही अकरावीच्या मुलाला विचारले जात होते.

१९७६ मध्ये १०+२+३ ची नवी पद्धत आली तेव्हा योजनेचे रूप बदलले. नावातील ‘विज्ञान’ हा शब्द गेला, वैद्यकी आणि अभियांत्रिकीचाही समावेश झाला, शिष्यवृत्त्या ५०० झाल्या. आणि प्रकल्प-अहवालाच्या जागी वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चाचण्या आल्या. अधिक मुलांना लाभ झाला हे खरे. पण माझ्या मते येथे एक मोलाची गोष्ट हातची गेली. ‘डॉक्टर हो नाहीतर इंजिनिअर हो’ हा आपल्या घराघरातील आग्रह आहेच. त्यावर जणू सरकारी शिक्का बसला.

जगात इतरत्र याच सुमारास उलट वारे वाहत होते. जिनिव्हाच्या ‘सर्न’ या प्रयोगशाळेने १९६२ पासून उन्हाळ्यात विद्यार्थी बोलावण्यास सुरुवात केली. अमेरिकेत एम.आय.टी.ने १९६९ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात घेण्याची योजना काढली, आणि १९८७ पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने देशभर अशा उन्हाळी जागांना पैसा पुरविला.

आपल्या महाराष्ट्रात पाया होताच. होमी भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या उन्हाळी कार्यक्रमात पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, गणित अशा विषयांचे विद्यार्थी घेतले जाऊ लागले. याच संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ चे. मुंबईतील मानखुर्द येथील या केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी निराळा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. पुण्यात १९८८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी ‘आयुका’ उभारली. तेथेही खगोलशास्त्रासाठी सुटीतील विद्यार्थी येऊ लागले. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर आपल्यातून गेले, तेही ऐन सुटीच्या दिवसांत.

सर्वांत मोठे दार मात्र विज्ञान अकादम्यांचे. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी १९३४ साली रामन यांनीच स्थापिली. या अकादमीने, आणि पुढे दिल्ली व अलाहाबादच्या अकादम्यांना बरोबर घेऊन, देशभरच्या प्रयोगशाळांत दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती चालविली. महाविद्यालयीन शिक्षकांनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो, ही गोष्ट आपल्या प्राध्यापक मंडळींनीही लक्षात घ्यावी. जो स्वतः बिनअर्जाने आत गेला, त्याच्या अकादमीने दूरच्या मुलांसाठी अर्ज छापला, हे मला फार सुंदर वाटते.

भाषेचा प्रश्न राहतो आणि तो खरा आहे. १९९९ साली सुरू झालेल्या किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा इंग्रजी आणि हिंदीतच होती. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला ती जड जाई. ती योजना २०२२ मध्ये ‘इन्स्पायर’ योजनेत विलीन झाली. २००८ साली सुरू झालेल्या या ‘इन्स्पायर’च्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीचा एक मार्ग मात्र वेगळी परीक्षा मागत नाही : आपापल्या बोर्डाच्या बारावीत जे वरच्या एक टक्क्यात येतात आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेतात, ते पात्र. वर्षाचे ८०,००० रुपये. त्यांतील २०,००० खास उन्हाळी संशोधन-प्रकल्पासाठी. पालकहो, मुलाला बारावीत उत्तम गुण मिळाले आणि तो बी.एस्सी.ला जातो म्हणाला तर कपाळाला हात लावण्यापूर्वी ही रक्कम आठवावी.

आता तयारीकडे वळू. या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट दिसते. गुण तर हवेतच. पण त्यांच्या जोडीला दोन गोष्टी पुनःपुन्हा मागितल्या गेल्या : स्वतःचे काहीतरी काम, आणि ते पाहिलेल्या माणसाचा शब्द. या दोन्ही गोष्टी भंडाऱ्यात मिळतात.

कामाचे उदाहरण देतो. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते कोरड्या सेलसाठी वापरले जाते. बी.एस्सी.च्या प्रयोगवहीत याच खनिजातील मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण काढण्याचा प्रयोग असतो. विद्यार्थी तो प्रयोग बाटलीतल्या नमुन्यावर करतात आणि विसरतात. त्याऐवजी शिक्षकांच्या मदतीने खाणीकडून दोन वेगवेगळ्या प्रतींचे नमुने मागून घ्या, तोच प्रयोग तीन-तीनदा करा, आणि आकडे का जुळत नाहीत ते वहीत लिहा. ज्याला जीवशास्त्राची गोडी आहे त्याने कोशाकडे पाहावे. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर टसरच्या अळ्या पाळल्या जातात. कोणत्या झाडावर किती कोश धरले हे मोजायला भिंग आणि वही पुरे. आणि तलावांचे तर काय सांगावे! गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आपल्या जिल्ह्यात पसरलेले आहेत. त्यांचे पाणी दर पंधरवड्याला एकाच जागी, एकाच वेळी मोजणारा विद्यार्थी वर्षअखेर असे आकडे घेऊन बसलेला असेल की जे मुंबईच्या मुलाजवळ नाहीत.

अर्जात आपणास काय करावयाचे आहे हे मोजक्या शब्दांत लिहावयाचे असते. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे व देशाची सेवा करण्याची इच्छा आहे’ हे वाक्य निवड करणाऱ्यांनी किती वेळा वाचले असेल याची कल्पना करा. ‘मी दोन नमुन्यांतील मँगनीज डायऑक्साइड मोजले, माझे आकडे जुळले नाहीत, आणि अशा पदार्थांची रचना उपकरणाने कशी पाहतात हे मला शिकावयाचे आहे’, या वाक्यामागे माणूस दिसतो. इंग्रजी साधी असली तरी चालेल. आधी आपल्या भाषेत लिहावे, मग भाषांतर करून इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावे.

शिफारसपत्राविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे की ते मोठ्या हुद्द्याच्या माणसाचे हवे. ओबेद सिद्दिकी हे अलीगढचे विद्यार्थी. १९६२ मध्ये भाभांनी त्यांना टाटा संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारण्यास बोलाविले, ते लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाच्या शब्दावरून. झिलार्ड मोठे होतेच. पण त्यांना सिद्दिकींच्या कामाची माहिती होती म्हणून त्या शब्दाला वजन आले. तुमची प्रयोगवही ज्यांनी तपासली, तुम्हाला सायंकाळी उशिरापर्यंत प्रयोगशाळेत पाहिले, त्या अधिव्याख्यात्यांचे चार ओळींचे पत्र आमदारसाहेबांच्या पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते.

मुलींच्या पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. दोन महिने परक्या शहरात मुलगी कशी पाठवायची, ही काळजी वाजवी आहे आणि तिची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. म्हणून विचारा. वसतिगृह संस्थेच्या आवारात आहे काय, मुलींसाठी निराळी व्यवस्था आहे काय, मार्गदर्शकांचे नाव काय, जेवणाची सोय कशी, हे सारे संस्थेला पत्र लिहून विचारता येते आणि उत्तर लेखी मागता येते. वाटल्यास पहिल्या दिवशी स्वतः सोबत जाऊन डोळ्यांनी पाहावे. उत्तर न मागताच नकार देणे मात्र मुलीवर अन्याय होय.

शेवटी वेळापत्रक. उन्हाळ्याचा अर्ज उन्हाळ्यात भरावयाचा नसतो. अकादम्यांची मुदत साधारणपणे नोव्हेंबरअखेरची राहत आली आहे, इतर संस्थांची हिवाळ्यातच. म्हणजे आपल्याकडे धानाची कापणी-मळणी चालू असते तेव्हा. दिवाळीच्या सुटीत संस्थांच्या जाहिराती पाहाव्यात, कोणत्या वर्षाचे विद्यार्थी पात्र आहेत हे तेथेच वाचावे, आणि गुणपत्रिकांच्या प्रती तयार ठेवाव्यात. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना निदान पंधरा दिवस आधी सांगावे व सोबत आपली वही द्यावी. एकाच संस्थेवर विसंबू नये. तीन-चार ठिकाणी अर्ज करावा, आणि नकार आला तर तोच मजकूर सुधारून पुढल्या वर्षी पाठवावा. निवड झाली आणि नागपूर विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा मे महिन्यात लांबली, तर घाबरून नकार कळवू नये. परीक्षेचे वेळापत्रक जोडून मार्गदर्शकांना लिहावे आणि रुजू होण्याची तारीख आठवडाभर पुढे ढकलता येईल काय, असे विचारावे.