उसन्या रॅमची गोष्ट

नव्वदच्या दशकात बहुतेक ग्राफिक्स कार्डांवर स्वतःची मेमरी असायची. १९९९ मध्ये इंटेलचा ८१० चिपसेट आला. ग्राफिक्स चिपसेटमध्येच, आणि मेमरी? ती सिस्टिमच्या रॅममधून उसनी! पीसी स्वस्त झाला खरा, पण जरा हिशोब बघा. १०२४ बाय ७६८ चा स्क्रीन, २४ बिट रंग, ८५ हर्ट्झ रिफ्रेश. नुसता डेस्कटॉप दाखवायलाच सेकंदाला सुमारे २०० एमबी डेटा वाचावा लागतो. १०० मेगाहर्ट्झची एसडीरॅम कागदोपत्री देणार ८०० एमबी. म्हणजे पाव ताट मॉनिटरनेच संपवलं, उरलेल्यात प्रोसेसर आणि गेम. ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’ला लोक नाकं मुरडायचे ते उगाच नाही. गंमत म्हणजे २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिपमध्ये हीच सामायिक मेमरी अभिमानाने मिरवली. पण तिथे सेकंदाला सुमारे ६८ जीबी मिळत होते. थोडक्यात काय, दोष वाटून खाण्यात नव्हताच, ताटच लहान होतं!