लाखोळीची डाळ आणि मेंदूचे कोडे

एखाद्या माणसाचा हात किंवा पाय एकाएकी लुळा पडला, की आपल्याकडे म्हणतात, "त्याच्या अंगावरून वारं गेलं." बोलणे साधेच आहे, पण त्याच्या पाठीशी फार जुने शास्त्र उभे आहे. आयुर्वेदाने शरीरातली सगळी हालचाल वाताच्या स्वाधीन केली. अर्धांगवायू हा शब्द त्यातूनच आला. भीती वाटली की आपण "काळजात धस्स झालं" असे म्हणतो, आणि गणित समजले नाही तर "डोक्यात शिरलं नाही" म्हणून मोकळे होतो. म्हणजे भीती काळजात, गणित डोक्यात, आणि चालणे वाऱ्यावर! ही तिन्ही कामे एकाच मेंदूची आहेत हे कळायला माणसाला शेकडो वर्षे लागली. हा इतिहास दूरदेशी घडला अशी आपली समजूत असते. पण त्यातले एक मोठे प्रकरण आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांधीत उगवणाऱ्या एका कडधान्याशी जोडलेले आहे. तेच आज सांगायचे आहे.

मन राहते कुठे, यावर जुन्या पंडितांत एकमत नव्हते. चरकाने मस्तकाला उत्तमांग म्हटले, तरी चैतन्याचे स्थान हृदयातच मानले. भेलसंहितेने मात्र मनाला डोके आणि टाळू यांच्यामध्ये जागा दिली. ग्रीसमध्येही हाच वाद होता. अॅरिस्टॉटलला वाटे की मेंदू रक्त थंड करतो आणि विचार हृदयात होतो. उलट हिपॉक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी सांगितले की हसू, रडू, भीती, वेड हे सारे मेंदूतून येते. फेफरे हा देवाचा कोप नसून मेंदूचा रोग आहे, हेही त्यांनी बजावले. आपल्याकडे आजही फेफरे आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा जोडा धरणारे लोक भेटतात. हे पाहिले म्हणजे तो वाद अजून पुरता मिटला नाही, असेच म्हणावे लागते.

नुसत्या वादाने प्रश्न सुटणार नव्हता. 1870 साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला विजेचा हलकासा स्पर्श केला. एका ठिकाणी स्पर्श केला की समोरच्या बाजूचा पाय हलायचा. जागा थोडी बदलली की दुसरा अवयव हलायचा. पुढे 1874 साली बेट्झ या शास्त्रज्ञाने मेंदूच्या त्याच भागात मोठमोठ्या पेशी दाखवून दिल्या. पायाला "चल" म्हणून सांगणारा निरोप तिथून निघतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली उतरतो आणि पायाच्या स्नायूला पोचतो. ती वाट तुटली, तर पाय धडधाकट असूनही माणूस चालू शकत नाही.

आता आपल्या शेतात येऊ. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत धान उभे असतानाच बांधीतल्या ओलाव्यावर एक कडधान्य फेकून पेरतात. त्याला कुणी लाखोळी म्हणतो, कुणी लाखोरी, कुणी नुसतेच लाख. नांगरट नको, वेगळे पाणी नको, खत नको. धान कापले की खाली लाखोळी वाढत असते. तिची डाळ होते, कोवळ्या पाल्याची भाजी होते, जनावरांना वैरण होते. दुष्काळात सगळी पिके बसली तरी ही तग धरते. हाच तिचा मोठा गुण, आणि तिची गोष्ट दुःखाची झाली तीही यामुळेच.

कर्नल स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने 1844 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात सागरकडची हकीगत लिहिली आहे. 1861 साली सागर-नर्मदेचा मुलूख आणि नागपूरचा मुलूख मिळूनच मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. म्हणजे ही हकीगत आपल्या शेजारचीच. 1829 पासून तिकडे लागोपाठ गव्हाची पिके बुडाली. शेतात आपोआप उगवलेल्या तिवड्यावर, म्हणजे लाखोळीवर, लोकांनी दिवस काढले. आणि मग तरणीताठी माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. रात्री धडधाकट निजलेला माणूस सकाळी उठून उभा राहू शकेना.

या रोगाला नेपल्सच्या कांतानी या डॉक्टराने 1873 साली लॅथिरिझम हे नाव दिले. त्याची लक्षणे मोठी विलक्षण आहेत. दुखणे फारसे नाही. स्पर्श कळतो, हात चालतात, बुद्धी पूर्ण शाबूत असते. फक्त पाय ताठरतात आणि चालताना कैचीसारखे एकमेकांवर येतात. डॉक्टर या रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजतात: आधी बिनकाठीचा, मग एका काठीचा, मग दोन काठ्यांचा, आणि शेवटी रांगणारा. एकदा गेलेले पाय परत येत नाहीत.

लोकांनी याचा अर्थ आपापल्या परीने लावला. कुणी वारं म्हटले, कुणी पूर्वकर्म, कुणी करणी. सुखवस्तू लोक म्हणत, गरिबाला कामाचा कंटाळा आहे. पण रोगाला जात नसते, आणि देशही नसतो. स्पेनमध्ये माद्रिदच्या 1811-12 च्या दुष्काळात लोकांनी याच धान्याची लापशी खाल्ली. गोया या चित्रकाराने त्या प्रसंगाचे चित्र काढले, त्यात एक बाई जमिनीवर पडून आहे. दुसऱ्या महायुद्धात वाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच धान्य खायला दिले गेले, आणि काही आठवड्यांत शेकडो लोक पांगळे झाले. त्यांच्यातल्याच आर्थर केसलर या डॉक्टराने कारण ओळखले. तिथे पूर्वकर्म कुठले? तिथे होती सक्तीची उपासमार.

विष नेमके कोणते, हे 1964 साली उलगडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, आडिगा आणि सर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून ते वेगळे काढले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट नावाचे एक द्रव्य वापरतात. लाखोळीतले विष या द्रव्याची नक्कल करते. पेशीला वाटते की निरोप येतोच आहे. ती सारखी उत्तेजित राहते, आणि शेवटी थकून मरते. निरोपाची वाट तुटते ती अशी.

पण यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. चार दिवस आमटी खाल्ली म्हणून कुणी पांगळे होत नाही. जेवणाचा मोठा भाग महिनोन् महिने लाखोळीचाच असेल आणि सोबत दुसरे काही मिळत नसेल, तेव्हा हा रोग होतो. रेवा भागात सालदारांना मजुरी म्हणून हेच धान्य देण्याची रीत होती. म्हणजे विष दाण्यात होते खरे, पण माणसाला पांगळे केले ते दारिद्र्याने आणि वेठीने.

1961 साली सरकारने लाखोळीच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. हेतू चांगला होता. पण पूर्व विदर्भातला शेतकरी विचारू लागला, की आम्ही भात, भाजी, इतर डाळींसोबत पिढ्यान् पिढ्या लाखोळी खातो, मग आमचे पीक गुन्हेगार का? नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी हा प्रश्न धसास लावला, उपोषणे केली. अखेर 2008 साली महाराष्ट्राने आपल्याकडील बंदी उठवली. दरम्यान शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक असे कमी विषाचे वाण तयार केले होते. हे विष पाण्यात विरघळते. म्हणून डाळ भरपूर पाण्यात भिजवून वा उकळून ते पाणी टाकून दिले, तर विष पुष्कळ कमी होते. तरीही नुसत्या लाखोळीवर कुणी महिने काढू नयेत, हे सांगणे भागच आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मेंदूचा धडा शिकवताना फळ्यावर आकृती काढाच, पण सोबत लाखोळीचे मूठभर दाणेही वर्गात न्या. कुऱ्हाडीच्या पात्यासारखा कोन असलेला तो दाणा मुलांना हातात धरू द्या. पाय चालतो तो डोक्यातल्या निरोपाने, तो निरोप अन्नाने बिघडू शकतो, आणि ते अन्न कोणाच्या ताटात का येते याला माणसांनी केलेली व्यवस्था जबाबदार असते, एवढ्या तीन गोष्टी त्यांना कळल्या तरी धडा पुरा झाला. मग गावात कुणी ताठरलेल्या पायांनी चालताना दिसला, तर तीच मुले त्याला हसणार नाहीत आणि त्याच्या कर्माचा हिशेबही मांडणार नाहीत. त्याला दवाखान्यात नेतील, आणि त्याच्या घरात दोन वेळा काय शिजते, याची आधी चौकशी करतील.