सांगलीचे हजारे: कॅप्टन म्हणून किती मार्क?

आपल्या चंदगड भागात टेनिस बॉलच्या मॅचेस आल्या की कॅप्टन ठरायला दोन मिनिटं लागतात. ज्याची बॅट चालते, तो कॅप्टन. गंमत म्हणजे 1951 मध्ये भारताच्या टेस्ट टीमचंही साधारण असंच झालं. बॅट चालत होती विजय हजारेंची. जन्म 1915, सांगलीचा. म्हणजे तसे आपल्याच बाजूचे. ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियासमोर ॲडलेडला एकाच मॅचमध्ये 116 आणि 145 काढलेला माणूस. त्याला कॅप्टन नाही करणार तर कुणाला?

सुरुवात बघा. कॅप्टन म्हणून पहिलीच टेस्ट, दिल्ली, समोर इंग्लंड. हजारे नाबाद 164. पुढची मुंबईची, तिथं 155. त्यामुळं 'कॅप्टनपदानं त्यांची बॅटिंग खाल्ली' असं जे सरसकट म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. विजय मर्चंट मात्र त्याच मताचे होते, आणि मर्चंट काही ऐरेगैरे नव्हेत.

पण खरी अडचण त्याच दिल्लीत दिसते. इंग्लंड 203 वर गारद. आपण 6 बाद 418 वर डाव सोडला, 215 ची आघाडी. भारतानं तोवर एकही टेस्ट जिंकली नव्हती, आणि इतकी चांगली संधी समोर होती. तरी इंग्लंडनं 6 बाद 368 करून मॅच वाचवली. वॉटकिन्स नावाचा गडी नाबाद 137 करून उभाच राहिला. हजारेंचा स्वभाव आधी मॅच सुरक्षित करायची, मग जिंकायचं बघायचं, असा. समोरच्याचा गळा धरणं त्यांना जमायचं नाही.

फेब्रुवारी 1952, मद्रास. इथं जमलं. विनू मंकडनी पहिल्या डावात 55 धावांत 8 घेतले, मॅचमध्ये 12. पंकज रॉय आणि उम्रीगर यांची शतकं. एक डाव आणि 8 धावांनी विजय, भारताचा पहिलावहिला! 1932 पासून वाट बघणं चाललं होतं. यात हजारेंचा वाटा किती? स्वतःच्या धावा 20. पण घाई नाही, आरडाओरडा नाही. हातात मंकडसारखं हत्यार असलं की असा शांत कॅप्टन पुरतो.

हत्यार नसलं की? जून 1952, लीड्स. मंकड टीममध्येच नाहीत, ते तिकडं इंग्लंडात लीग खेळत होते. दुसऱ्या डावात हजारे उतरले तेव्हा बोर्डावर 4 बाद 0. हो, शून्य. ट्रूमन हॅटट्रिकवर. हजारेंनी तो बॉल खेळून काढला आणि पुढं 56 केल्या. पहिल्या डावात 89 केल्याच होत्या. तरी मॅच गेली. मँचेस्टरला तर एकाच दिवसात आपण दोनदा ऑल आऊट, 58 आणि 82.

माझं मत विचाराल तर धीर दहापैकी नऊ, डावपेच चार. स्वतः उभं राहून दाखवणं त्यांना यायचं. घाबरलेल्या पोरांना उभं करणं वेगळं काम आहे, आणि ट्रूमनसमोर ते झालं नाही.

1953 ला वेस्ट इंडिजमध्ये पाच टेस्ट. चार अनिर्णित, एक हरली. त्या दौऱ्यानंतर हजारे टेस्ट खेळले नाहीत. कॅप्टन म्हणून 14 टेस्ट, विजय एकच, मद्रासचा.