सुगारामुर्दी : प्रहसन आणि अभिलेख
आलेक्स दे ला इग्लेसिया यांच्या ‘लास ब्रुखास दे सुगारामुर्दी’ (२०१३) या स्पॅनिश चित्रपटात घटस्फोटित होसे लहान मुलासह दरोडा घालतो. लुटीत लग्नाच्या अंगठ्याच अंगठ्या. पळताना ही पुरुषमंडळी तीन पिढ्यांच्या चेटकिणींच्या तावडीत सापडतात. पुरुषांची रड आणि चेटकिणींचा आवेश दोन्ही हास्यास्पद ठरतात, हे प्रहसनाचे बळ. परंतु नावारा प्रांतातील या गावाच्या ज्या इतिहासावर ते उभे आहे, त्यात स्त्री-पुरुषवैर हा गाभा नाही.

लोग्रोन्यो येथे नोव्हेंबर १६१० मध्ये धर्मन्यायासनाने सहा जणांना जिवंत जाळले. त्यांत दोन पुरुष होते. तुरुंगात मेलेल्या पाच जणांच्या प्रतिमा जाळल्या. ग्रासियाना दे बारेनेचेआ ही याच प्रकरणातली एक आरोपी. कार्मेन माउराच्या भूमिकेचे नावही ग्रासियानाच. त्या न्यायाधीशत्रयीत सालासार फ्रीआसही होता. १६११ मध्ये गावोगाव फिरून त्याने १,८०२ जणांचे कबुलीजबाब हाताळले. त्यांतली १,३८४ मुले होती! चेटूक घडल्याचा एकही पुरावा त्याला आढळला नाही; त्याच्या मते बोलण्या-लिहिण्यातूनच ते पसरले होते. १६१४ मध्ये वरिष्ठ मंडळाने त्याचा सावधपणा बव्हंशी स्वीकारला.

चित्रपट सालासारला वगळतो, मूल मात्र ठेवतो. शेवटच्या विधीत महाकाय देवी होसेच्या मुलाला गिळते व तो जिवंत बाहेर पडतो. ‘स्त्रीद्वेष्टा’ हा शिक्का मारताना समीक्षेने या मुलाकडे फारसे पाहिलेले दिसत नाही. अभिलेखातली मुले बोलतात, मोठ्यांकडून ऐकलेलेच बोलतात. आणि होसेचा मुलगाही दरोड्यात बापाचीच भाषा गिरवत असतो.