कोंबड्यांचं अप्रेझल

मंडळी, आमच्या टीममधली एक मैत्रीण मरोळ गावठाणात राहते. कौलारू घर, मागे छोटं परस, परसात चार कोंबड्या. गेल्या महिन्यात तिने दोन नव्या तलंगा आणल्या आणि जुन्या चौघींनी त्यांना सळो की पळो करून सोडलं. एकीच्या पाठीवरची पिसं गेली, दुसरी दाण्याजवळ फिरकेना. लंचला हा किस्सा ऐकून सगळे हसले. मी मात्र शनिवार-रविवार त्यावर वाचत बसलो, आणि हाती लागला चक्क शंभर वर्षांचा इतिहास.

याची सुरुवात नॉर्वेतल्या एका पोराने केली. थोरलाइफ श्येल्डरुप-एब्बे, जन्म १८९४. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्या बघायचा आणि कोण कुणाला टोचतं हे वहीत लिहून ठेवायचा. (आपण बग ट्रॅक करतो तसंच!) पुढे १९२२ मध्ये त्याने हे सगळं जर्मन भाषेत प्रसिद्ध केलं. कळपात टोचण्याची उतरंड असते. पहिली सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून बाकीच्यांना, आणि शेवटची फक्त मार खाते. कधी उतरंड सरळ नसते, त्रिकोण होतो: अ ब-ला टोचते, ब क-ला, आणि क परत अ-ला. गंमत म्हणजे एकदा क्रम ठरला की भांडणं कमी होतात. नुसती मान वर केली तरी समोरची बाजूला सरकते. हे सगळं चालतं ते एकमेकींना ओळखण्यावर.

या माणसाचं पुढे काय झालं? क्रिस्टीन बोनेवी या नॉर्वेच्या पहिल्या महिला प्राध्यापक. वर्तमानपत्रातल्या एका उपहासलेखावरून त्यांची याच्यावर खप्पा मर्जी झाली, असं त्याच्या मुलाने पुढे सांगितलं. मायदेशी त्याला मानाची जागा कधी मिळाली नाही. उतरंड शोधणारा स्वतःच उतरंडीच्या तळाशी!

असो. त्याच्या निरीक्षणातूनच परसातले उपायही कळतात. नवी कोंबडी एकटी सोडू नये, दोघी-तिघी एकत्र आणाव्यात. आधी आठवडाभर मध्ये जाळी ठेवावी, म्हणजे बघून ओळख होते. दाणा-पाणी दोन-तीन ठिकाणी, लांब लांब ठेवावं, नाहीतर दादागिरी करणारी एकटी सगळ्यावर पहारा देते. लपायला आडोसा हवा. रक्त आलं असेल तर त्या कोंबडीला आधी बाजूला काढावं, कारण लाल रंग दिसला की बाकीच्याही तिथेच टोचतात. आणि फारच माजलेली असेल तर मार खाणारीला न हलवता त्या दादालाच काही दिवस वेगळं ठेवावं. परत येते तेव्हा तिला आपली जागा नव्याने मिळवावी लागते, आणि बऱ्याचदा ती नरमते.

मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना एवढी जागा आणि वेळ कुठला? त्यांनी कोंबडीच बदलायला घेतली. अमेरिकेत अँड्र्यू जॅक्सन नावाच्या माणसाने १९०३ मध्ये कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. खरंच! टोचण्यापासून डोळे वाचावेत म्हणून. नंतर लाल काचांचे चष्मेही विकले गेले, म्हणजे रक्त वेगळं दिसायलाच नको. मग १९३० च्या दशकात ओहायोत चोचीचं टोक कापायची पद्धत निघाली आणि ती जगभर पसरली. टोचणं तसंच, फक्त हत्यार बोथट.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे: पुढच्या पिढीसाठी निवडायची कोणती कोंबडी? मरोळला लागूनच असलेल्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट विकास केंद्र आहे. अशा कुठल्याही पैदास केंद्राला हा प्रश्न पडतोच. सोपं उत्तर म्हणजे सगळ्यात जास्त अंडी देणारी. पण पिंजऱ्यात जास्त अंडी देणारी कधीकधी शेजारणीला टोचून, तिचा दाणा खाऊन पुढे आलेली असते. मग पिढ्यान् पिढ्या आपण दादागिरीच निवडत जातो.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या विल्यम म्यूर यांनी उलट केलं. एकेका बहिणींच्या गटाला एका पिंजऱ्यात ठेवलं आणि एकटी कोंबडी न निवडता ज्या पिंजऱ्याची एकूण कामगिरी चांगली तो अख्खा गटच निवडला. १९९६ मध्ये आकडे छापले. चोची न कापता वर्षातलं मृत्यूचं प्रमाण काही पिढ्यांत ६८ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर आलं, आणि दर कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ वरून २३७ वर गेली. कोंबड्या तुफान हुशार झाल्या नव्हत्या. त्या एकमेकींना जगू देत होत्या, एवढंच.

हे वाचताना आपला बेल कर्व्ह आठवला नाही तर तुम्ही आयटीत नाही :) जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च यांनी दर वर्षी तळातले दहा टक्के काढायची पद्धत गाजवली. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. अजून बऱ्याच ठिकाणी 'स्टार परफॉर्मर' एकेकटाच मोजला जातो. त्याच्या शेजारी बसून किती जणांनी राजीनामे टाकले, हा कॉलम कुठल्याच एक्सेल शीटमध्ये नसतो. म्यूर यांनी तो कॉलम मोजला, बाकी काही नाही.

आमच्याकडे अप्रेझल एप्रिलमध्ये असतं. मॅनेजरला हा पेपर फॉरवर्ड करावा का? तुम्हाला काय वाटतं?