रानडुक्कर, क्षय आणि कुंपण

१/ २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जिवाणू शोधल्याचे जाहीर केले. १८९८ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी माणसांच्या आणि गुरांच्या क्षयाचे जिवाणू भिन्न असल्याचे दाखवले. गुरांचा हा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, पुढे रानडुकरांतही सापडला. मग दोष कोणाचा, हा प्रश्न दोन देशांत दोन रीतींनी सुटला.

२/ पहिला देश ऑस्ट्रेलिया. १८२० च्या दशकापासून ब्रिटिशांनी उत्तर किनाऱ्यावरील आपल्या ठाण्यांसाठी आशियातून म्हशी आणल्या. ठाणी ओस पडली. म्हशी मात्र दलदलीत रानटी होऊन वाढल्या. युरोपीयांनी आणलेली डुकरेही तशीच मोकाट झाली.

३/ १९७० च्या दशकात नॉर्दर्न टेरिटरीतील शेकडो रानटी डुकरे तपासली गेली. जवळपास निम्म्यांच्या शरीरात क्षयासारख्या गाठी होत्या. रोगाचे घर डुक्करच, असा निष्कर्ष काढणे सोपे होते.

४/ परंतु १९७० मध्ये सुरू झालेल्या निर्मूलन मोहिमेचा रोख गुरे आणि म्हशींवर होता. रानटी म्हशींचे कळप मोठ्या प्रमाणावर हटवले गेले आणि डुकरांतील क्षयही जवळजवळ नाहीसा झाला. डुकरांना तो मेलेल्या म्हशींच्या मांसातून लागत होता. १९९७ च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया गुरांच्या क्षयापासून मुक्त घोषित झाला.

५/ दुसरा देश स्पेन. इथे रानडुक्कर मूळचेच. १९५० आणि १९६० च्या दशकांत लाखो लोक खेडी सोडून शहरांत गेले. पडीक शेतांवर झुडपे माजली, रानडुकरांचे क्षेत्र विस्तारले.

६/ १९७० च्या शिकार कायद्याने खासगी शिकारक्षेत्रांना कायदेशीर चौकट दिली. मध्य आणि दक्षिण स्पेनमध्ये अनेक जमीनमालकांनी तारेची उंच कुंपणे घातली. शिकार वाढावी म्हणून हरणांना आणि डुकरांना चारा-दाणा घातला, पाणवठे बांधले.

७/ कडक उन्हाळ्यात शेकडो जनावरांची तोंडे एकाच पाण्याला लागू लागली. शिकारीनंतर रानात टाकलेली हरणांची आतडी डुकरे खात. रानडुकरांत क्षयाच्या गाठी बहुधा जबड्याखालच्या लसिका ग्रंथींत आढळतात. रोग तोंडावाटे शिरल्याची ही खूण.

८/ परिणामी इथे गुरे नसतानाही रानडुकरांत क्षय टिकून राहिला. याची झळ पशुपालकांना बसली: चाचणीत दोषी ठरलेले जनावर मारायचे, नवा कळप उभा करायचा, आणि सामायिक पाणवठ्यावरून रोग पुन्हा गोठ्यात यायचा. दोन्यानाच्या राष्ट्रीय उद्यानात तर दुर्मीळ इबेरियन लिंक्सलाही त्याची लागण झाली.

९/ स्पेनमधील संशोधकांनी रानडुकरांसाठी आमिषातून देण्याची लस तपासून पाहिली. २०२० मध्ये सरकारने शिकारी प्राण्यांतील क्षयासाठी स्वतंत्र नियम केले.

१०/ प्राणी तोच, जिवाणूही तोच. ऑस्ट्रेलियात म्हशी हटताच साखळी तुटली, कारण डुक्कर तिचे शेवटचे टोक होते. स्पेनमध्ये कुंपण, चारा आणि पाणवठा यांनी त्याच प्राण्याला रोगाचे घर बनवले. रानातील साथीचा इतिहास वाचताना म्हणूनच प्राण्याइतकेच जमिनीच्या मालकाकडेही पाहावे लागते.