निर्मलता निर्देशांक

निर्मलता निर्देशांक हे वातावरण सौरप्रारणासाठी किती पारदर्शक आहे, याचे माप आहे. भूपृष्ठावर दिवसभरात पोहोचलेल्या सौरप्रारणाला वातावरणाच्या माथ्यावरील प्रारणाने भागले असता तो मिळतो. वातावरणाच्या माथ्यावरील प्रारण अक्षांश व तारखेवरून गणिताने काढता येते. भूपृष्ठावरील प्रारण मात्र मोजावे लागते. त्याची उपकरणे मोजक्याच केंद्रांवर असल्याने इतरत्र हा निर्देशांक साध्या हवामान नोंदींवरून अनुमानला जातो.

सूर्यप्रकाशाच्या तासांवरून

अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या सूत्रात प्रेस्कॉट यांनी १९४० मध्ये सुधारणा केली. प्रत्यक्ष ऊन पडलेल्या तासांना दिनमानाने भागून येणाऱ्या संख्येची ०.५० पट करतात व तीत ०.२५ मिळवतात. स्थानिक मोजमापे नसतील तेथे हे स्थिरांक वापरण्याची शिफारस संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने केली आहे. त्यानुसार पूर्ण ढगाळ दिवशी निर्देशांक ०.२५, तर निरभ्र दिवशी ०.७५ येतो. उन्हाचे तास काचेच्या गोलाखालील कागदी पट्टीवर उमटलेल्या जळक्या रेषेवरून मोजतात.

तापमानावरून

ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीची उष्णता निसटू देत नाहीत. त्यामुळे दैनिक तापमान कक्षा घटते. हार्ग्रीव्ह्ज यांच्या सूत्रात कमाल व किमान तापमानांतील फरकाच्या वर्गमुळाला अंतर्भागात ०.१६ ने, तर किनाऱ्यालगत ०.१९ ने गुणतात.

पनवेलसारखी ठिकाणे

रायगड जिल्ह्यातील पनवेल खाडीलगत असले तरी पूर्वेस माथेरानचा डोंगर आहे. त्यामुळे कोणता गुणक घ्यावा, हा प्रश्न पडतो. समजा, हिवाळ्यात फरक १६ अंश सेल्सियस असेल, तर पहिल्या गुणकाने निर्देशांक ०.६४ व दुसऱ्याने ०.७६ येतो. दुसरे उत्तर वरील निरभ्र मर्यादेच्याही पुढे जाते. पावसाळ्यात फरक ४ अंश असल्यास उत्तरे ०.३२ व ०.३८ येतात. म्हणून गुणक जवळच्या प्रारण केंद्राच्या नोंदींशी ताडून घ्यावा लागतो.

भारतातील मोजमापे

आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या (१९५७-५८) निमित्ताने भारतीय हवामान विभागाने प्रारण केंद्रांचे जाळे उभारले. या कामाचे नेतृत्व पुण्यात कार्यरत असलेल्या ॲना मणी यांनी केले. भारतातील सौरप्रारणाच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला.

मर्यादा

निर्देशांक घटण्यामागे ढग आहेत की धूळ व धूर, हे या सूत्रांवरून कळत नाही. समुद्री वारे आणि आर्द्रता यांमुळेही तापमान कक्षा बदलते. पिकांची पाण्याची गरज वा सौरपंपाची क्षमता ठरवताना निर्देशांक चुकल्यास तीच चूक पुढील हिशेबातही उतरते.